मोठीचे अर्ज छापताना

ओरडू नका, मित्रांनो. मी एक जुना प्रिंटर आहे, बहिरा नाही. माझा हिरवा दिवा लुकलुकतो आहे म्हणजे माझं काम चालू आहे, आणि माझ्या वयाला काम सुरू करायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात माझी हकिगत ऐकून घ्या. नाहीतरी तुम्ही नुसते माझ्याकडे डोळे वटारून उभे आहात.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर मला एकेक अवयव मिळत गेला. शेवटी एका तपासनीस बाईंनी माझ्याकडून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक पान काढून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "उत्तम!" त्यानंतर आजतागायत मला कोणी उत्तम म्हटलेलं नाही.

तिथून मी पाणीपुरवठा कार्यालयात गेलो. नऊ वर्षं मी मुख्यतः एकच वाक्य छापलं: 'उद्या पाणी येणार नाही.' लोक माझी पानं दारावरून फाडून टाकत. पाणी मी थोडंच बंद करत होतो? पण राग कागदावर निघायचा. तिथले हेडक्लार्क म्हणजे आमचे बाबा. कागद अडकला की ते माझ्या डाव्या कुशीत एक बुक्की हाणत. ते निवृत्त झाले, त्याच महिन्यात कार्यालयात नवी यंत्रं आली आणि बाबा मला घरी घेऊन आले. बैठकीच्या खोलीत, बंद पडलेल्या शिवणयंत्राच्या मेजावर मला जागा मिळाली. आईंनी जुन्या पडद्याचं झाकण शिवून मला घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. पाण्यानं भरलेली फुलदाणी, विजेच्या यंत्रावर! दोन वर्षं मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

मग एका सकाळी मोठीनं फुलदाणी उचलली, झाकण काढलं आणि मला सुरू केलं.

मोठी म्हणजे या घरातली थोरली मुलगी. धाकटी लग्न होऊन गेली, पण नाव तेच राहिलं. मोठी तेव्हा एकतीस वर्षांची होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती एका रुग्णालयाच्या नोंदी-विभागात सहा वर्षं काम करत होती. घरी गेलेल्या आणि देवाघरी गेलेल्या, सगळ्या रुग्णांचे कागद क्रमानं लावून कपाटात ठेवायचे, हे तिचं काम. त्या सकाळी तिनं घरात सांगितलं की तिला नर्स व्हायचं आहे. परदेशात अशा शाळा आहेत की आधीची पदवी असली तर तिचे विषय धरतात आणि दीड-दोन वर्षांत नर्सिंगची पदवी देतात.

"पुन्हा शाळा?" आई म्हणाल्या. "या वयात?"

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते वाचून झालेलंच पान होतं, हे मला समोरून दिसत होतं.

आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

शाळा तीन निवडल्या होत्या. तिन्ही शाळांना तेच कागद हवे होते, पण एकीला आडवे, एकीला उभे आणि तिसरीला प्रत्येक पानावर कॉलेजची सही घेऊन. पदवीला काय काय शिकवलं त्याचा अभ्यासक्रम हवा, साठ पानं. कॉलेजनं सांगितलं, जुना अभ्यासक्रम सापडत नाही. दोन हेलपाट्यांनंतर सापडला, तर त्यातलं एकोणिसावं पान नाही! दाखल्यावर मोठीचं आडनाव एका तऱ्हेनं, गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेनं. ती दोन आडनावं एकाच बाईची आहेत, असं लिहिलेला कागद हवा. मग त्या कागदाची प्रत हवी. मग ती प्रत खरी आहे असा शिक्का हवा. प्रती काढून काढून माझी काच तापून गेली, मित्रांनो. पानामागून पान, पालथं घाल, दिवा फिरव, उचल. एकाच बाईची दहावी मी सतरा वेळा पाहिली. तिला भूगोलात किती गुण होते ते मला झोपेतही सांगता येईल.

त्यात प्रत्येकाला आपापली शाळा पसंत.

बाबांना पहिली शाळा आवडली होती. ती एका सल्लागारानं सुचवली होती. भलंमोठं विद्यापीठ, नाव घेतल्यावर समोरचा खुर्चीत सरळ होऊन बसेल असं. तिची माहितीपुस्तिका छत्तीस पानांची, रंगीत. मी काळं-पांढरंच छापतो, त्यामुळे त्या हिरवळीवरचे हसरे विद्यार्थी माझ्यातून निघाले ते कोळशाच्या खाणीतून बाहेर पडल्यासारखे. अभ्यासक्रमाचं नाव होतं 'परिचर्या नेतृत्व आणि व्यवस्थापन', आणि तो एका वर्षाचा होता. शेजारच्या काकांनी विचारलं, तेव्हा बाबांनी दारातूनच सांगून टाकलं, "मोठी परदेशात व्यवस्थापन शिकायला चालली आहे." त्यातली परिचर्या त्यांनी अलगद गिळली. आतल्या खोलीत मोठीनं ते ऐकलं. ती बाहेर आली नाही.

आईंना दुसरी शाळा हवी होती, कारण त्या शहरात मावशी राहत होती. "जेवणखाणाचं तरी बघेल कुणी," एवढाच त्यांचा मुद्दा, आणि तो त्या दिवसातून चार वेळा मांडत.

मोठीनं तिच्या रुग्णालयातल्या हेडसिस्टरना विचारलं. त्या बाई कामातून मान वर न करता बोलणाऱ्या. मोठीनं घरी येऊन त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "इमारत बघू नकोस. दोनच गोष्टी विचार. शिकून झाल्यावर नर्स म्हणून नोंदणी होते का? आणि प्रत्यक्ष वॉर्डात किती तास उभं करतात?"

मोठीनं पहिल्यांदा सल्लागाराला फोन लावला. तो आवाज मोठा करून माझ्याशेजारी ठेवला होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"मॅडम, नर्सिंगच आहे ते. नावातच आहे की!"

"पण नंतर मला नर्स म्हणून काम करता येईल का? नोंदणी मिळेल?"

"अहो, तुम्ही फार पुढचा विचार करता. आधी जागा पक्की करा. शुक्रवार शेवटचा दिवस आहे."

"मी साधा प्रश्न विचारते आहे. हो की नाही?"

"मॅडम, तुमच्यासारख्या हुशार बाईंनी खाटांच्या चादरी बदलत बसायचं का? तुम्ही वरच्या पदावर जाल!"

मोठीनं फोन ठेवला आणि त्या देशातल्या नर्सांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयालाच पत्र लिहिलं. गुरुवारी उत्तर आलं. छापायला एकच ओळ होती: 'हा अभ्यासक्रम आधीपासून नोंदणीकृत असलेल्या परिचारिकांसाठी आहे; तो पूर्ण केल्यावर नव्यानं नोंदणीसाठी अर्ज करता येत नाही.'

बाबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "पुन्हा छाप," ते म्हणाले.

"बाबा, पुन्हा छापून काय होणार?"

"या यंत्राचा भरवसा नाही. शब्द गाळतं."

मी आजवर रेघा मारल्या आहेत, कडा काळ्या केल्या आहेत, एकदा आठ पानं एकदम ओढून गिळली आहेत. पण शब्द मी कधी गाळलेला नाही! बाबांनी ते पान तीन वेळा छापून घेतलं. तिन्ही वेळा तीच ओळ आली. तेव्हा त्यांनी मला बुक्की मारली आणि खोलीतून निघून गेले. त्यानंतर आठ दिवस ते मोठीशी कामापुरतंही बोलले नाहीत.

दुसऱ्या शाळेला मोठीनं विचारलं, वॉर्डात किती तास? उत्तरादाखल माहितीपुस्तिका आली. मोठीनं पुन्हा लिहिलं, पुस्तिका मिळाली, वाचली, त्यात तास दिलेले नाहीत. पुन्हा तीच पुस्तिका आली, आता मुखपृष्ठ नवं. तिसऱ्या खेपेला कुणीतरी कळवलं की पहिलं वर्ष बाहुल्यांवर सराव असतो आणि वॉर्डाचं पुढं जागा असेल तसं ठरतं.

"बाहुल्यांवर?" आई म्हणाल्या. मावशीचा मुद्दा त्या दिवशी त्यांनी एकदाच मांडला, तोही हळू.

उरली तिसरी. एका लहान गावातल्या रुग्णालयाला जोडलेली शाळा, दोन वर्षांची. पुस्तिका चार पानांची, मुळातच काळी-पांढरी. मला बरं वाटलं. मोठीनं सात प्रश्न पाठवले होते. सातही उत्तरं क्रमांक घालून आली. नोंदणी होते. तिसऱ्या आठवड्यापासून वॉर्ड. शरीरशास्त्राचा एक विषय कमी पडतो, तो आधी करून यावा लागेल. आणि खाली त्यांनीच एक प्रश्न विचारला होता: 'तुम्हाला नर्स का व्हायचं आहे? एका पानात लिहा.'

झालं! इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. मोठी दिवसा नोकरी, संध्याकाळी शरीरशास्त्राचा वर्ग, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ते एक पान. पहिल्या पानात लिहिलं होतं, 'लहानपणापासून मला सेवेची आवड आहे.' ते तिनं वाचलं आणि फाडलं. दुसऱ्यात, 'परिचर्या हा उदात्त व्यवसाय आहे.' फाडलं. तिसऱ्यात जगातली नर्सांची टंचाई होती. चौथ्यात पुन्हा सेवेची आवड. बाई, मला सांगावंसं वाटत होतं, खरं काय ते एकदाच लिही आणि माझ्यावर दया कर! माझी शाई संपत आली. मोठीनं डबी बाहेर काढून खळाखळा हलवली आणि परत घातली. दहा पानं अशीच केराच्या टोपलीत गेली.

अकरावं पान छापताना मी ते वाचलं. ते असं होतं:

'मी रुग्णालयात कागद लावते. दोन वर्षांपूर्वी एका वारलेल्या गृहस्थांचे कागद माझ्याकडे आले. त्यात नर्सनं हातानं लिहिलेलं एक पान होतं. दुपारी ४.१०, रुग्ण जागे, पाणी मागितले, दोन चमचे दिले. ४.२०, खिडकी दिसत नाही म्हणाले, खाट वळवली. ४.३५, मुलीशी बोलायचे म्हणाले, फोन लावून कानाशी धरला. ४.५०, बोलणे झाले, शांत आहेत. ५.१५ला ते गेले. डॉक्टरांच्या कागदांवरून मला त्यांचा आजार कळला. त्यांची शेवटची दुपार कशी गेली, ते मला या एकाच पानावरून कळलं. ते पान मी कपाटात ठेवलं, पण मला नीट काम सुचेना. मला हे काम करायचं आहे. ते करायला काय काय शिकावं लागतं, ते मला माहीत नाही. म्हणून शाळा हवी आहे.'

पान माझ्या तबकात पडलं आणि तेवढ्यात मोठीला आईंनी आत हाक मारली. बाबा छापायला दिलेलं आपलं दवाखान्याचं पत्र शोधत आले आणि त्यांनी ते पान उचललं. उभ्यानंच वाचलं. मग शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले आणि पुन्हा वाचलं. मोठी दारात येऊन उभी राहिली.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"घरी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा. कुठली शाळा, किती मोठी, कुणाच्या जवळ, हे सगळ्यांनी विचारलं."

बाबांनी पान जसं होतं तसं तबकात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओलं फडकं पिळून माझे रबरी रूळ पुसले. नऊ वर्षं कार्यालयात आणि तीन वर्षं घरात त्यांनी हे कधी केलं नव्हतं. मला गुदगुल्या झाल्या, पण मी गप्प राहिलो.

तिसऱ्या शाळेनं मोठीला घेतलं. निघायच्या दिवशी बैठकीच्या खोलीत दोन बॅगा उभ्या होत्या. आई त्यांची कुलपं पुन्हा पुन्हा ओढून बघत होत्या. मोठी आत बूट घालत होती. शेजारचे काका निरोप द्यायला दारात आले.

"मग, व्यवस्थापन शिकायला निघाली म्हणायची मोठी?"

आतला बुटांचा आवाज थांबला.

"नर्स व्हायला चालली आहे," बाबा म्हणाले.

"नर्स?" काका घुटमळले. "पण ती तर पदवीधर ना?"

"हो," बाबा म्हणाले. "म्हणून तर दोनच वर्षांत होईल. बाकीच्यांना चार लागतात."

त्या क्षणी माझ्या तबकात एकही कागद नव्हता, याचं मला वाईट वाटलं. काहीतरी छापावं, असं त्या दिवशी मला पहिल्यांदाच आपणहून वाटलं होतं.

आता मोठीचं पहिलं वर्ष संपत आलं आहे. पहिल्या परीक्षेत औषधाच्या मात्रांची गणितं तिला वर्गात सगळ्यांत आधी सुटली; रसायनशास्त्र कामाला आलं. पाय मात्र फार दुखतात, असं ती फोनवर सांगते. एका आजोबांनी तिच्या अंगावर सूप सांडलं आणि वर तिलाच रागावले, तेव्हा ती रडली. "मग काय केलंस?" बाबांनी विचारलं. "दुसरं सूप आणलं," ती म्हणाली. बाबा हल्ली असे लहान लहान प्रश्न विचारतात आणि उत्तर संपेपर्यंत थांबतात. मी मात्र पुन्हा पडद्याच्या झाकणाखाली असतो आणि वर पुन्हा फुलदाणी असते; आज तुम्हाला काही छापायचं होतं म्हणून झाकण निघालं. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

म्हणून, मित्रांनो, जाता जाता थोडं मागतो. आमच्यासारख्या यंत्रांवर पाणी ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा तरी आमचे रूळ पुसा. आणि तुमच्या घरातलं कुणी लांब शिकायला निघालं असेल, तर 'कुठं जातेस' हे विचारण्याआधी 'का जातेस' हे विचारा. एका वाक्यात सुटणारा प्रश्न आहे. आमच्या घरी तो कुणी विचारला नाही, म्हणून सात महिने आणि साडेसातशे पानं लागली, आणि ती सगळी मी छापली.