टेबलं चौकातच

दुपारी चार वाजता खालच्या गल्लीने रस्सीखेच जिंकली आणि सव्वाचारच्या आत वरच्या गल्लीने हरकत घेतली. हरकत एकच होती. खालच्यांकडून दोर धरणाऱ्यांत जी परदेशी मुलगी होती, ती गल्लीत राहत नाही.

मुलगी तेव्हा फुटपाथच्या कडेला बसून तळहातांवर फुंकर घालत होती. दोराने कातडी सोलली होती, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ती या देशात फिजिओथेरपी शिकायला आली होती. सोमवार ते शुक्रवार प्रशिक्षणासाठी या गावच्या दवाखान्यातून त्या गावच्या दवाखान्यात फिरायचं, आणि शनिवार-रविवार खालच्या गल्लीत शिलाईकाम करणाऱ्या बाईंच्या माळ्यावरच्या खोलीत येऊन पडायचं, असा तिचा क्रम होता. घरमालकीणबाईंना नुसत्या नावाने हाक मारायला तिची जीभ रेटेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात ती त्यांना मावशी म्हणून मोकळी झाली. गल्लीनेही परतफेड म्हणून तिचं नाव पाहुणी ठेवून टाकलं.

दोन्ही गल्ल्या एकाच चौकात उतरतात आणि वर्षातला एक रविवार मिळून साजरा करतात. दुपारी रस्सीखेच, संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण. जिंकेल त्याच्या गल्लीत टेबलं मांडायची. हरलेल्यांनी ती वाहायची आणि वर भांडीही घासायची.

भांड्यांचं कुणाला काही नव्हतं. प्रश्न आजोबांचा होता. आजोबा म्हणजे मावशींचे वडील. एके काळी खालच्या संघाचे शेवटचे गडी तेच. दोर कमरेला गुंडाळून उभे राहिले की भिंतच. मग खुबा मोडला, अरुंद जिना उतरणं संपलं, आणि पलंग वरच्या मजल्यावर, गल्लीकडच्या खिडकीशी आला. तेव्हापासून खालची गल्ली हरतेच आहे. टेबलं वरच्या गल्लीत जातात, हसण्याचे आवाज तिकडून येतात, आणि आजोबांचं ताट झाकून खोलीत येतं. दोनदा वरच्यांनी आपणहून टेबलं खाली मांडायची तयारी दाखवली होती. आजोबांनी खिडकीतूनच उत्तर दिलं, "दयेचा घास घशाखाली उतरत नाही. ओढून आणा, मग जेवीन."

यंदा त्यांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली होती. मावशी इस्त्री करता करता मुलीला एवढंच म्हणाल्या होत्या, "डॉक्टर पुढच्या वर्षाचं काही बोलत नाहीत गं."

म्हणून मुलगी दोराला हात लावायला तयार झाली. एक गडी कमी पडतच होता, आणि कॉलेजात ती रस्सीखेचीच्या संघात होती. कुल्ले खाली, टाचा रोवलेल्या, आणि आपण न ओढता समोरच्याला दमू द्यायचं, हे तिने दोन रविवार सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं.

हरकत घेतली ती वरच्या संघाच्या कप्तानाने, म्हणजे चौकातल्या न्हाव्याने. त्याला सगळे कात्री म्हणत, आणि ते नाव दुकानापेक्षा जिभेवरून पडलेलं होतं.

"नियम काय? गल्लीत राहणाऱ्यानेच ओढायचं. हिची बॅग कधी उघडी पाहिलीय कुणी? आणि तुम्हीच तिला पाहुणी म्हणता की!"

"लाडाने म्हणतो," खाटीक म्हणाला. आजोबांनंतर शेवटचा गडी तोच होता. "तुला कात्री म्हणतो, म्हणून काय तुझ्याने कापड कापायचं?"

"आणि तुमचा प्लंबर?" मावशी पुढे आल्या. "गेल्या महिन्यापर्यंत आमच्याकडे नळ ठोकत होता. आज तुमच्याकडून ओढतोय!"

"त्याने आमच्या गल्लीत लग्न केलंय. घरजावई आहे तो."

"मग हिचंही उरकून टाकू का संध्याकाळपर्यंत? खाटकाचा धाकटा मोकळाच आहे."

चौक हसला. खाटकाचा धाकटा लालबुंद झाला. टेबलं मात्र चौकातच एका कडेला तशीच राहिली, कारण ती वर न्यायची की खाली, हे कुणालाच कळत नव्हतं. बायका झाकलेली पातेली घेऊन दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी ताटकळत होत्या.

निवाडा करायचा मान निवृत्त पोस्टमनकाकांचा. त्यांचं घर नेमकं चौकात, म्हणजे ना वर ना खाली. त्यांनी मुलीला बोलावलं.

"बाळ, तुझ्याकडे त्या घराची किल्ली आहे?"

"नाही, काका."

"झालं!" कात्री म्हणाला. "किल्ली नाही म्हणजे घर नाही."

"आजोबा घरात असतात म्हणून आमचं दार उघडंच असतं," मावशी तडकल्या. "किल्ली भाडेकरूला देतात. घरच्याला कशाला?"

पोस्टमनकाकांनी मान हलवली; नेमकी कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही. "एकच विचारतो. उद्या रात्री कुठे झोपणार तू?"

मुलीने मावशींकडे पाहिलं. मावशी डोळ्यांनी सांगत होत्या की 'इथेच' म्हण. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आणि इथेच म्हटलं असतं तर खात्री करायला कुणी जाणार नव्हतं. पण पहाटेच्या गाडीला तिला सोडायला येतो असं खाटकाने सकाळीच सगळ्यांसमोर कबूल केलेलं. शिवाय आजोबा वर बसून जे मागत होते, ते लबाडीने आणलेलं जेवण नव्हतं.

"उद्या दुसऱ्या गावी," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत. शनिवारी घरी येते."

"घरी म्हणाली ती!" खाटीक ओरडला.

"दुसऱ्या गावी पण म्हणाली!" कात्री त्याहून मोठ्याने.

ऊन उतरेपर्यंत हेच चाललं. मग पोस्टमनकाकांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. राहणं म्हणजे नेमकं काय, ते पुढे बसून ठरवू. आज दोर पुन्हा ओढायचा, तिला वगळून. प्लंबरही नको. म्हणजे दोन्हीकडे एकेक नवा माणूस.

वरच्यांनी लगेच एक भाचा उभा केला, दाराएवढा रुंद. खालच्यांत सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. शेवटी मावशींनी पदर खोचावा तसा एप्रन खोचला.

"मी धरते."

"मावशी, खांदा!" मुलगी जागची उठलीच. तो खांदा शिलाईने आखडलेला. गेले कित्येक शनिवार तीच तो चोळून देत होती.

"खांदा माझा आहे. तू सांग, टाच कुठे रोवू?"

मुलीने गुडघे टेकून त्यांची टाच फरशीच्या सांध्यात बसवली, कोपर अंगाशी दाबलं. "तुम्ही ओढू नका. फक्त सोडू नका. ओढायचं बाकीचे बघतील." मग ती बाजूला झाली. मोठ्याने मोजायला तिला मनाई नव्हती, ते तिने विचारून घेतलं.

आजोबांच्या खिडकीतून चौक दिसत नाही. दिसते ती फक्त दोराची शेपटी आणि खाटकाची पाठ. पाठ खिडकीकडे सरकली तर आपण जिंकतोय, लांब गेली तर संपलं, एवढाच त्यांचा हिशेब.

दोर ताणला गेला. मुलगी मोजत होती. मावशींचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात सुटले नव्हते. भाच्याचे बूट फरशीवर घसरले, पुन्हा रुतले. रस्त्यावरचे दिवे लागले.

"आजोबा, काय दिसतंय?" कुणीतरी खालून ओरडलं.

"पाठ," आजोबा म्हणाले. "जागची हलत नाहीये."

दोराच्या मध्यावर बांधलेला लाल रुमाल खडूच्या रेषेवर थरथरत होता. अजून तरी कुठल्याच बाजूला गेला नव्हता.