भरलेली जाते, भरलेली येते

“सर, मुलींच्या बाथरूमला कडी कधी बसणार?”

हा प्रश्न भर पालकसभेत विचारायचा, आणि तोही मोठ्याने, अशी पैज समिधाशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. ती पैज का लागली आणि पुढे काय झालं, हे मी सांगू शकते. कारण मी तिथेच होते, तिच्या दप्तराच्या बाजूच्या खिशात!

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. स्टीलची, लिटरभराची. माझ्या बुडाला पोचा आहे आणि झाकणाचं रबर दोनदा बदललंय. जवळून पाहिलंत तर पोटावर पुसट अक्षरं दिसतील, ‘महिला दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’.

माझा जन्म पत्र्यातून झाला. मशीनने मला गोल वळवलं, जोडलं आणि घासून घासून इतकं चकचकीत केलं की कारखान्यातले दिवे माझ्या अंगात दिसायचे. मग बोईसरच्या एका औषधाच्या कंपनीने माझ्यासारख्या बावीस जणी विकत घेतल्या. आठ मार्चला पॅकिंगच्या बावीस बायकांना गुलाबाच्या फुलासोबत आम्हाला वाटलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी वर्षाराणीच्या वाट्याला आले. वर्षाराणी म्हणजे समिधाची आई. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! रोज कुणाची तरी तहान भागवायची, बाटलीला आणखी काय हवं असतं?

पहिल्या दिवशी ती मला काठोकाठ भरून घेऊन गेली. संध्याकाळी जवळच्याच सालवड गावातल्या खोलीवर परतलो, तेव्हाही मी काठोकाठच होते. मला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग मला कळलं. पॅकिंगच्या टेबलाशेजारी खिळ्याला एक लाल टोकन टांगलेलं असायचं. बावीस जणींत एकच. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरसमोर ते काढून न्यायचं, आल्यावर परत अडकवायचं. दिग्विजय सुपरवायझर काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला मस्करीची भारी हौस. “काय वर्षाराणी, परत? सकाळी समुद्र पिऊन आलात का?” सगळी लाइन हसायची. तीही हसायची. आणि मग दिवसभर माझं झाकण उघडायची नाही. शेजारच्या रत्नाबाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “घसा ओला कर बाई, पोट नको.” तिथल्या जुन्या बायका नव्या बाईला हेच शिकवायच्या.

घरी आल्यावर ती मला रंगाच्या डब्यात लावलेल्या मिरचीवर ओतायची. पाच वर्षं माझं पाणी मिरची प्यायली. अशी बहरली की शेजारणी मागून न्यायच्या. वर्षाराणीला मात्र सारखी उन्हाळी लागायची. लघवीला आग, कंबर धरलेली, कधी ताप. डॉक्टर म्हणायचे, भरपूर पाणी प्या. समिधाचे बाबा, शैलेश, वैतागायचे.

“एवढी मोठी बाटली नेतेस, पितेस का नुसती मिरवतेस?”

“पिते की,” ती म्हणायची.

ते खोटं फक्त मला माहीत होतं. मला आणि मिरचीला.

समिधा आठवीत गेली आणि मी तिच्याकडे आले; आईने कामावर न्यायला दुसरी बाटली घेतली. आई एवढंच म्हणाली, “घोट-घोटच पी हं शाळेत.” का, ते नाही सांगितलं. समिधाने ऐकलं नाही, गटागटा प्यायची! ते एक वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकं वर्ष.

नववीच्या जूनमध्ये मुलींच्या बाथरूमची कडी तुटली. मग एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं, असं चालू झालं. एकदा समिधा आत आणि तिची मैत्रीण शालू दार धरून उभी असताना बाईंनी तिला हाक मारली. ती दोन पावलं गेली आणि वाऱ्याने दार सताड उघडलं. समोरून दहावीची मुलं चालली होती. कुणी काही पाहिलं नाही म्हणे. पण एक जण हसला. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा भरलेली जायची, भरलेली यायची. आईचं झालं, आता लेकीचंही पाणी मिरचीलाच, असं मनात येऊन मी आतून गार पडायचे.

ऑक्टोबरच्या उन्हात खो-खोच्या सरावाला समिधा चक्कर येऊन पडली. तिच्या संघातल्या नलूने धावत येऊन मला उचललं.

“अगं, ही तर भरलेली हाय! सकाळपासून एक थेंब नाय प्यायलीस?”

“माज्यामुळं झालं,” शालू रडवेली झाली.

“तुज्यामुळं नाय, कडीमुळं! समिधा, शुक्रवारी पालकसभा हाय. विचार बळवंत सरांना, सगळ्यांसमोर. नाय विचारलंस तर मी तुला खो देनार नाय, बघ.”

“तूच विचार की!”

“माजं कोण ऐकतंय? तू वर्गात पहिली.”

तर तो प्रश्न असा आला.  कुणीतरी फिसकन हसलं. एक काका म्हणाले, “पोरीनं असं सगळ्यांदेखत बोलायचं?” मुख्याध्यापक बळवंत सरांनी चष्मा काढला. “बाळ, हे बाईंशी बोलायचं असतं.”

समिधाने मला दप्तराच्या खिशातून बाहेर काढलं.  तिने मला सरांच्या टेबलावर ठेवलं.

“सर, ही मी सकाळी भरून आणली. आता चार वाजलेत. उचलून बघा.”

सरांनी मला उचललं. आयुष्यात मला पुष्कळांनी उचललं, पण असं तोलून कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात शालूने तिची बाटली शेजारी ठेवली. मग नलूने. मग आणखी चार मुलींनी. सगळ्या जड.

“सर, तीनदा सांगितलं मी तुमाला,” दारातून शाळेच्या नर्मदामावशी बोलल्या. “कडी आनून द्या, मी सोता ठोकते.”

“सोमवारी बसेल,” सर हळूच म्हणाले.

मागच्या बाकावर शैलेश बसले होते. ते सरांकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. मी कुणाची बाटली, हे त्यांना ठाऊक होतं.

घरी येताच त्यांनी मला वर्षाराणीपुढे ठेवलं. “तू पण?”

तिने आधी मिरचीकडे पाहिलं. मग लाल टोकनाची सगळी हकिकत सांगितली, पहिल्यांदाच.

“मला का नाही बोललीस?”

“काय बोलायचं? बाथरूमचं?”



मित्रांनो, सोमवार अजून यायचा आहे. लाल टोकन अजून त्याच खिळ्याला आहे. मला घासा, चकचकीत ठेवा, असं मी म्हणत नाही. पोच्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या घरातून आई, ताई बाटली नेत असतील, तर संध्याकाळी ती एकदा उचलून बघा. जड लागली तर विचारा. आणि विचारलंत, तर उत्तर पुरतं ऐका.

एवढ्यात समिधा उभी राहिली. “आई, बाबा, माझं ठरलंय. कडी बसो नाहीतर न बसो, उद्यापासून ही बाटली शाळेतून रिकामीच घरी येणार. आणि आई, रोज संध्याकाळी मी तुझीही उचलून बघणार.”

“अगं, मग मिरचीचं काय?” आई म्हणाली.

“तिला नळाचं पाणी घालीन मी!”