पंखा लावू नये

प्रियदर्शनीनं दातांनी चिकटपट्टी तोडली आणि पंख्याच्या बटणावर आडवी लावली. मग उभी लावली. सकाळपासून ही तिसरी खेप. कुणीतरी येत होतं, पट्टी सोलत होतं, आणि जिन्यावर तिची चाहूल लागली की साळसूदपणे खिडकीबाहेर बघत उभं राहत होतं. बटणाच्या वर तिच्याच अक्षरातला कागद होता : ‘पंखा लावू नये. उकडते आहे, हे आम्हालाही कळते.’ कागद सगळे वाचत होते, वाचून हसतही होते. हसून झालं की पट्टी सोलत होते.

वारज्याच्या या कलाकेंद्राची ती व्यवस्थापक. मे महिना, पत्र्याच्या छपराखालचा हॉल आणि छताला सहा पंखे. ज्या कुणी वायरिंग केलं होतं त्यानं सहाही पंखे एकाच बटणावर जोडून ठेवले होते. लागले तर सगळे, नाहीतर एकही नाही. त्या गृहस्थाची प्रियदर्शनी दिवसातून अनेकदा आठवण काढत होती. तो जिथे असेल तिथे उचक्यांनी हैराण झाला असावा, एवढीच तिची इच्छा होती.

हॉलच्या एका टोकाला फरशीवर एका बाईचा चेहरा होता. रांगोळीचा. रविवारी संध्याकाळी उन्हाळी रांगोळी प्रदर्शन संपलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे ज्यानं त्यानं आपापली रांगोळी आपल्या हातानं मोडली, सगळ्या रंगांचा मिळून झालेला तो मातकट ढीग पिशवीत भरला आणि चहा पिऊन घर गाठलं. हा चेहरा काढणाऱ्या ज्ञानदेवांनी मात्र हात जोडले होते.

"ताई, उद्याचा एक दिवस राहू द्या. मुलगी यायचीय बघायला."

प्रियदर्शनी हो म्हणाली. ती चूक होती. आज बुधवार उजाडला होता.

सोमवारपासून मुलांचं शिबिर सुरू झालं होतं. ते घेणाऱ्या जुबेदाताईंचं माहेर बुधवार पेठेतलं, तीन पिढ्या कागदी फुलं करणारं. कागद त्यांच्या हातात आला की आपण होऊन घडी पडे. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांकडून भिंगऱ्या करून घेतल्या. लाल, पिवळ्या, जिलेटीनच्या. त्या भिंगऱ्या आता हॉलच्या दुसऱ्या टोकाला दोरीवर ओळीनं निमूट लटकत होत्या.

"मॅडम, या आठवड्याचा विषय काय ठरला होता आपला?" जुबेदाताईंनी पदरानं मान पुसत विचारलं.

"वाऱ्यावर चालणारी खेळणी."

"मग वारा तेवढा कुठं मिळेल ते सांगा. बाकी सगळं सामान आहे."

मुलं तोंडानं फुंकून भिंगऱ्या फिरवत होती. फुंकून फुंकून एका मुलीला चक्कर आली. तिला लिंबू सरबत पाजेपर्यंत तिची आई येऊन ठाकली.

"काल घामोळं, आज चक्कर. हा छंदवर्ग आहे की शिक्षा?"

"उन्हाळी शिबिर म्हटलं होतं आम्ही," प्रियदर्शनी म्हणाली. "उन्हाळा आमच्याकडूनच मिळेल, असं पत्रकात लिहायचं राहिलं."

बाईंना हे मुळीच आवडलं नाही. आवडावं म्हणून ते म्हटलेलंही नव्हतं.

ज्ञानदेव रांगोळीशेजारी पाटावर बसून होते, राखणीला. पिंपरीच्या एका कारखान्यात रंगखात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. नव्या यंत्रांनी माणसं नकोशी केली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून ते रांगोळीकडे वळले. हात चांगला होता. फरशीवरच्या त्या चेहऱ्यात कपाळावरच्या आठीची सावलीसुद्धा उतरली होती. ही त्यांची बायको. जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

मुलगी उत्कर्षा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. लग्न करून बाणेरला राहत होती. म्हणजे हैदराबादला नव्हे, अमेरिकेत नव्हे, रिक्षानं येण्यासारखी. ज्ञानदेव रोज केंद्राच्या फोनवरून तिला फोन करत आणि रोज संकोचून परत येत.

"उद्या येते म्हणाली. तिचं ते रिलीज आहे ना."

"अहो काका, येरवड्याच्या तुरुंगातली माणसंसुद्धा याच्याआधी सुटतात," प्रियदर्शनी काल म्हणाली होती. मग तिचा धीर सुटला होता. "रांगोळी पूर्ण झालीय, प्रदर्शन संपलंय. फोटो काढून पाठवा तिला. पोरं भाजून निघताहेत माझी. आता काय राहिलंय तुमचं?"

ज्ञानदेवांनी फरशीवरच्या चेहऱ्याकडे बोट केलं.

"तीळ," ते म्हणाले.

"काय?"

"गालावर तीळ होता तिच्या. चांगला मोठा. कुठल्या गालावर, ते आठवत नाही मला."

स्टुडिओतला एकच धड फोटो होता. स्टुडिओवाल्यानं तो तीळ डाग समजून कौतुकानं पुसून टाकला होता. लग्नाच्या फोटोत गालांवर मुंडावळ्या. बाकीच्या फोटोंत ती मागच्या रांगेत, नाहीतर कुणाला तरी वाढत असलेली. मेव्हण्याला विचारलं, तर तो म्हणाला, तीळ होता होय तिला?

"मुलीला फोनवर विचारा की."

"काय विचारू, ताई? इतकी वर्षं संसार केला, आणि तुझ्या आईचा तीळ कुठे होता ते सांग, म्हणून?" त्यांनी बोटाला लागलेला रंग पुसला. "ती आली, समोर उभी राहिली, तर आपण होऊन म्हणेल. न विचारता. मला वाटतं, आपण हिच्याकडे कधी बघितलंच नाही. ड्यूटीवरून यायचं, जेवायचं, झोपायचं. नुसते रंग बघितले आयुष्यभर."

प्रियदर्शनीला संताप आला, पण तो नेमका कुणाचा हे ठरेना. काल संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. वर बघा जरा."

त्यामुळे आज सकाळपासून ती पट्ट्या लावत होती आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होती. वायरिंगवाल्याला, हिंजवडीला, आणि त्या तीळ पुसून टाकणाऱ्या स्टुडिओवाल्याला तर विशेष. दुपारी वीज गेली तेव्हा तिला जरा हायसं वाटलं. आता निदान उकाड्याचा दोष कुणी तिला देणार नव्हतं. जुबेदाताई मुलांना घेऊन जिन्यात सावलीला जाऊन बसल्या.

तेवढ्यात ती आली. जीन्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानाला मोबाइल. "येस, येस, अर्ध्या तासात परत येतेय, तोवर बिल्ड थांबव," असं म्हणत ती दारातून आत शिरली, ओळखपत्रानं वारा घेतला, आणि दुसरा हात भिंतीकडे गेला. पट्टी कुणीतरी पुन्हा सोललेलीच होती. तिनं सहाही पंख्यांचं बटण खाली दाबलं.

"अहो!" प्रियदर्शनी किंचाळलीच. धावत जाऊन तिनं बटण वर केलं. वीज गेली होती म्हणून बरं. "वाचता येतं ना?"

"सॉरी, सॉरी. सवयीनं..." उत्कर्षा ओशाळली. "बाबा कुठायत?"

ज्ञानदेव पाटावरून उठून उभे राहिले होते.

उत्कर्षा पुढे गेली आणि थांबली. मोबाइल वाजला, तिनं न बघता बंद केला. मग तिनं चपला काढल्या, फरशीवर उकिडवी बसली आणि आईच्या चेहऱ्यावर हवेतूनच हात फिरवल्यासारखा केला.

"बाबा," ती म्हणाली, "तीळ राहिला की."

प्रियदर्शनीनं ज्ञानदेवांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच ‘बोलू नका’ म्हणून खुणावलं.

"काळा कुठला? हा?" उत्तराची वाट न बघता उत्कर्षानं वाटीतून चिमूट उचलली. क्षणभरही न अडखळता तिनं आईच्या डाव्या गालावर, नाकपुडीच्या जरा खाली बोट टेकवलं. "इथे. शाळेत जायच्या आधी वेणीला बसवायची ना मला. मागून केस ओढायची, आणि मी समोर आरशात या तिळाकडे बघत दात आवळून बसायचे. इतकं दुखायचं." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "इथेच होता, हो ना?"

"हो," ज्ञानदेव म्हणाले. "इथेच."

तिनं मोबाइलवर फोटो काढले. उभ्यानं, बसून, पुन्हा उभ्यानं. खाली गाडीचा हॉर्न वाजायला लागला. तिनं वडिलांचा दंड घट्ट धरला. "फ्रेम करून घेते मी. रविवारी येते, बाबा. नक्की," असं म्हणून ती गेली. रविवारचं प्रियदर्शनीनं काही मनावर घेतलं नाही.

"चला," ती म्हणाली. "झाली एकदाची पूर्ण."

ज्ञानदेव रांगोळीच्या पायथ्याशी उभे होते.

"उजव्या गालावर होता," ते म्हणाले.

"काय?"

"तिनं बोट टेकवलं आणि एकदम चुकल्यासारखं वाटलं मला. लख्ख दिसला. उजव्या गालावर, अगदी याच जागी. ती आरशात बघायची ना. आरशात बाजू उलटतात. मी समोरून बघायचो."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"तिला किती पक्कं ठाऊक होतं, बघितलंत ना तुम्ही?"

"निदान आता तरी दुरुस्त करा. मी थांबते."

"नको. फोटो नेलाय तिनं. राहू दे तिचा तिच्यापाशी." ज्ञानदेवांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा न काढताच डोळे पुसायला गेले. "पण ताई, बघत होतो म्हणायचं मी. अं? बघत होतो."

गेले तीन दिवस ज्या माणसाला प्रियदर्शनी मनातून हाकलत होती, त्याच्यासाठी तिनं पाट पुढे सरकवला.

छतावरची ट्यूबलाइट दोनदा लुकलुकली आणि लागली. जिन्यात मुलांनी आरडाओरडा केला. ज्ञानदेवांनी पाट उचलून भिंतीला लावला, रंगांच्या वाट्या पिशवीत भरल्या.

"लावा पंखा," ते म्हणाले. "पोरांनी फार सोसलं. मोडायची ती वाऱ्यानं मोडू दे. माझा हात काही होणार नाही."

प्रियदर्शनी बटणापाशी गेली. तीन दिवस याच बटणासाठी तिचे हात शिवशिवले होते. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मागे वळून फरशीकडे पाहिलं. डाव्या गालावर तीळ असलेली बाई छताकडे बघत होती.

"जुबेदाताई," तिनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "मुलांना भिंगऱ्या घेऊन बाजूच्या गच्चीवर न्या. पाच वाजता वारा सुटतो तिथे."

घामोळ्याची तक्रार करणाऱ्या त्या बाई दारातून डोकावल्या.

"मॅडम, लाइट आले. आता तरी पंखा लावा की."

"पाटी वाचा," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं दातांनी चिकटपट्टी तोडली.