उलटी काजं

रहस्यमालिकेचं चित्रीकरण गावातच झालं होतं, म्हणून अख्खं गाव टीव्हीला चिकटलं होतं. शिवणकाम करणारी धाकटीही थोरल्या बहिणीच्या घरी, भावोजींकडे येऊन बसली. थोरली मात्र बारा वर्षांपूर्वीच बेपत्ता झालेली. 'हिरवा कोट अंगात चढवला आणि तरातरा निघून गेली,' हे भावोजींचं पालुपद सगळ्यांना पाठ झालं होतं.

पडद्यावर पोलिसांना हरवलेल्या बाईचा हिरवा कोट सापडला. कॅमेरा जवळ गेला आणि धाकटी पडद्यापाशी सरकली. बटणांची काजं पुरुषांच्या कोटासारखी डावीकडे होती! शिकाऊ असताना थोरलीचा कोट शिवताना तिनेच केलेली घोडचूक. 'राहू दे गं, असा कोट दुसऱ्या कुणाकडे आहे?' म्हणत थोरलीने तो मिरवला होता.

"भावोजी, हा कोट यांना कुठे मिळाला हो?" तिने विचारलं.

"अगं, शूटिंगवाले जुने कपडे मागत दारोदार हिंडत होते. माळ्यावरचं गाठोडं मीच तसंच्या तसं उचलून दिलं की!" भावोजी फुशारकीने म्हणाले. मग आपलेच शब्द कानावर पडले तसा त्यांनी हळूच टीव्ही बंद केला.