सोयीची तारीख

"अहो बाई, आधी महिनाअखेर म्हणालात. मग म्हणालात, अखेरीला गर्दी असते, पहिल्या आठवड्यात करू. आता पहिल्या आठवड्याचंही नको म्हणताय. मला वेडं करायचं ठरवलंय का?" टेम्पोवाला फोनवर म्हणाला.

"मधला आठवडाच बरा. तुमची माणसं निवांत असतात. घाईत सामान फुटतं."

"आमच्याकडून आजवर एक बशी फुटलेली नाही."

"तेच म्हणते मी. मग आता कशाला सुरुवात करायची?"

बाईंनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेरच्या रांगेकडे वळल्या. मोठ्या हॉस्पिटलातली ही खिडकी. तपासणीला कधी यायचं, ऑपरेशनला कधी भरती व्हायचं, हे इथे ठरे. बाई या खिडकीमागे इतकी वर्षं बसल्या होत्या की सगळं हॉस्पिटल त्यांना तारीखबाई म्हणे. समोरच्याचा चेहरा पाहून त्या तारीख देत. एकट्या म्हातारीला सोबतीला शेजारीण रिकामी असेल तो दिवस, घाबरटाला सकाळची पहिली वेळ, म्हणजे उगाच दिवसभर धास्ती नको. त्यांनी दिलेली तारीख सहसा कुणी बदलून मागत नसे.

स्वतःच्या घराची तारीख मात्र काही केल्या ठरेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घर बदलायचं होतं ते मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. शिंपी होते. अर्धं आयुष्य मशीनवर वाकून गेलं, आणि आता नजर विझत चालली होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, अरुंद जिना. एकदा पायरी चुकली आणि घोटा भोपळ्याएवढा सुजला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "नवीन घरात जायचंच आहे ना? मग दिसतंय तोवर जा. पाहिलेल्या घरात नजर गेली तरी माणूस चालतो. न पाहिलेल्या घरात तो चाचपडतो."

बाई लगेच घर शोधायला लागल्या. हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत त्यांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहिल्या. सकाळचं ऊन थेट आत येई. मास्तर काही पाहायला आले नाहीत. "तू पाहिलंस ना? झालं तर. मी एकदमच पाहीन," म्हणाले.

रंग मात्र त्यांनी स्वतः निवडला. रंगारी शेड कार्ड घेऊन जुन्या घरी आला, तेव्हा मास्तरांनी ते खिडकीशी नेलं, नाकाला लावलं, बराच वेळ उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"यातला एकही नको." गळ्यातला टेप काढून त्यांनी कात्रीनं त्याचं टोक कापलं. "हा घ्या नमुना. असा पिवळा. नवा टेप भडक असतो, तसा नाही. माझा बघा, वापरून वापरून कसा मऊ पिवळा झालाय."

"मास्तर, टेप कापलात? आता मापं कशानं घेणार?" रंगाऱ्यानं विचारलं.

"पहिल्या तीन इंचांत कुणाची कंबर बसते?"

रंगारी हसला. बाईही हसल्या. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी मोठ्यानं हसलं होतं.

मग तारखांचं घोंगडं भिजत पडलं. महिनाअखेरीला गर्दी म्हणून नको. पुढच्या आठवड्यात आभाळ भरून आलं, भिजलेलं सामान घेऊन कसं जायचं? मग लेकीला रजा मिळेना. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर वैतागली, "आई, पेशंटना अशी तारखेवर तारीख दिलीस तर लोक दगड मारतील गं!"

"तुझे बाबा शांतपणे, चांगल्या उजेडात तिथे पोचायला हवेत. धावपळीत त्यांना काय दिसणार? एकदाच तर बघायचंय त्यांना."

"म्हणूनच म्हणतेय, लवकर जा."

बाईंना ते पटत होतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. एकदाच बघायचं, तर ते नीट बघायला हवं. चुकून ढगाळ दिवस निघाला तर? सामानाच्या ढिगाऱ्यात भिंती झाकल्या तर? मास्तरांची पुढची तपासणीसुद्धा त्यांनी घर लागल्यावरची धरली होती. मास्तरांना विचारलं की ते एकच म्हणत, "तुझ्या सोयीनं ठरव. मला कुठे घाई आहे?" इतक्या सहज म्हणत, की बाईंचा त्यावर विश्वास बसे.

एका दुपारी वॉर्डातली सिस्टर खिडकीशी आली. तिचा पांढरा कोट मास्तरांनी आखूड करून दिला होता. बाईंचं लक्ष कडेकडे गेलं. पांढऱ्या कोटाची दुमड काळ्या दोऱ्यानं शिवलेली होती.

"अगं, हे काय?"

"असू द्या हो बाई. शिलाई किती सरळ आहे बघा," सिस्टर म्हणाली आणि पटकन निघून गेली. तिला सांगायचं नव्हतं, पण सांगून झालं होतं.

बाईंना आठवलं. दोऱ्याची रिळं त्यांनीच बांधाबांधीत एका डब्यात कोंबली होती. मास्तरांचा पांढरा नेहमी डाव्या हाताला, काळा उजव्या. ती जागा आपणच मोडली. म्हणजे चूक आपली, त्यांच्या डोळ्यांची नव्हे. असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण काळा आणि पांढरा? ज्याला दिसतं तो काळ्यापांढऱ्यात चुकतो का?

रांग तशीच उभी ठेवून त्यांनी फोन उचलला.

"टेम्पो उद्या पाठवा. सकाळी."

"उद्या? आणि काही फुटलं म्हणजे?"

"फुटलं तर फुटू दे!"

मग रंगाऱ्याला फोन. तो हबकला. पुढच्या खोलीला अजून हात लागला नव्हता, पिवळा बनवून घ्यायला वेळ हवा होता. "आत्ता माझ्याकडे दुसऱ्या कामाचा उरलेला निळा आहे. फिकट, बरा दिसतो."

"द्या, तोच द्या. उजळ आहे ना? झालं."

रंगाचं मास्तरांना वाटेत सांगू, समजून घेतील, असं बाईंनी ठरवलं. पण सकाळी टेम्पो आला आणि एकच धांदल उडाली. मास्तर मशीनचं डोकं मांडीवर घेऊन टेम्पोवाल्याशेजारी बसले, बाई मागून रिक्षानं आल्या. बोलायचं राहूनच गेलं.

ऊन मात्र छान पडलं होतं. बाईंनी धावत जाऊन खिडकी उघडली. निळी भिंत उजळून निघाली. त्यांनी मास्तरांना हात धरून खोलीच्या मधोमध आणलं. "अहो, रंगाचं जरा…"

मास्तरांनी उन्हाची ऊब जिकडून येत होती तिकडे मान वळवली, मग समोरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "वा! जमवला हो रंगाऱ्यानं. अगदी माझ्या टेपचा पिवळा."

टेम्पोवाला कपाटाचं एक टोक धरून दारात उभा होता. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"जमलाय ना?" मास्तरांनी विचारलं.

"एक नंबर, मास्तर," टेम्पोवाला म्हणाला आणि खाली बघत कपाट आत घेऊन गेला.

"बघ, पोचलो की नाही वेळेत?" मास्तर बाईंना म्हणाले. "उगाच जीव जाळत होतीस."

बाईंना वाटलं, इथेच खाली बसावं आणि मोठ्यानं रडावं. दुनियेला तारखा वाटल्या आणि आपल्या माणसाचीच वेळ चुकवली. महिनाअखेर टाळली तेव्हा गेली नजर? की आभाळ भरून आलं म्हणून थांबलो तेव्हा? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर मास्तरांनी आत्ता दिलेलं सगळं परत घेतल्यासारखं झालं असतं.

त्यांनी डोळे पुसले आणि आवाज चढवला, "नुसत्या भिंती काय बघत बसलात? इकडे या. हे टेबल कुठे लावू, हात लावून सांगा. आणि ही खिडकी नीट लागत नाही वाटतं, कडी बघा जरा. मला मेलीला काही जमत नाही."

मास्तर आले. टेबल, खिडकी, कडी, मोरीचा उंबरा, दिव्याचं बटण, सगळीकडे बाईंनी त्यांना काही ना काही खोड काढून नेलं. संध्याकाळपर्यंत त्यांचे हात सगळ्या घरातून फिरून आले.

सामान लागल्यावर बाईंनी रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं.

"बाई, आत्ताच तर दिला निळा. वाईट दिसतोय का?" त्यानं आतल्या खोलीतल्या मशीनच्या आवाजाकडे कान देऊन आवाज खाली आणला. "आणि मास्तरांना आता…"

"पिवळा द्यायचा. मास्तरांनी सांगितला होता तोच."

"तो नमुना माझ्याकडून हरवला हो."

मास्तर हात धुवायला गेले तेवढ्यात बाईंनी मशीनवरचा टेप उचलला आणि कात्री लावली. तुकडा बोटांत आला तेव्हा काहीतरी टोचलं. टेपवर दर इंचाला दोऱ्याची बारीक गाठ मारलेली होती. डोळ्यांनी सहज दिसू नये, पण बोटाला लागावी अशी.

"हां, हाच," रंगारी म्हणाला. "त्या तुकड्यावरही अशाच गाठी होत्या. मला वाटलं, शिंप्यांची काही पद्धत असेल."

बाईंनी तुकड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. शेड कार्डातला एकही रंग मास्तरांना का पसंत पडला नव्हता, ते त्यांना आत्ता कळलं. एवढ्या तारखा त्यांनी मोडल्या, त्यातली कुठलीही पाळली असती तरी उशीरच होता. आणि हा माणूस रोज म्हणत होता, मला कुठे घाई आहे.

"अगदी असाच ना?" रंगाऱ्यानं विचारलं.

"अगदी असाच. जरासुद्धा फरक चालणार नाही."

दुपारभर ब्रश चालला. मास्तर आत मशीनवर होते. "रंगाचा वास येतोय गं," त्यांनी हाक मारली.

"दाराला एक हात मारून घेतेय," बाई दारात येऊन म्हणाल्या.

"बरं केलंस."

मास्तरांनी माप घ्यायला टेप ओढला. टोक शोधत अंगठा कापलेल्या कडेवर आला आणि तिथेच थांबला. कड ताजी होती. त्यांनी ती दोनदा चाचपली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सहा इंचांतही कुणाची कंबर बसत नाही म्हणा."

आणि त्यांनी पुन्हा मशीनवर पाय ठेवला.