आईच्या फोटोचा खिळा

पिंपळगाव रेणुकाईत गोजरबाईच्या घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक मोकळा खिळा होता. कुणी त्याला पिशवी अडकवली की म्हातारी अंगावर धावायची. "काढ आधी! माझ्या मायचा हाये तो."

मायचा फोटो विलायतेत आहे, असं तिचं म्हणणं. गोजर आठ वर्षांची असताना माय भोकरदनच्या वाटेवर मिशनच्या बंगल्यात भाकरी थापायची. एक दिवस तिथल्या मडमनं तीन पायांची पेटी उभी केली, काळ्या फडक्यात मुंडकं घातलं आणि मायलेकींचा फोटो काढला. पुढच्याच साली तापाच्या साथीत माय गेली. मडमही मायदेशी निघाली. गोजरच्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, "फोटो धाडते."

सत्तावन्न वर्षांत फोटो काही आला नाही, पण त्याची गोष्ट मात्र वाढत गेली. आधी तो चर्चात टांगला गेला, मग थेट राणीच्या महालात. बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडत होतं तेव्हा तर राणी रोज निजताना फोटोला विचारायची, "गोजर जेवली का?"

"अन् तू काय म्हणतीस, आक्का?" शेजारची पुष्पाबाई डिवचायची.

"म्हणते, सरकारची सुकडी भेटली बाई, पण दाताखाली खडा येतो."

हसून हसून बायांच्या हातातले हातोडे गळायचे. गोजरबाईनं एवढंच कुणाला सांगितलं नव्हतं, की तिला मायचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की चूल दिसायची, धूर दिसायचा, धुरामागं कुणीच नसायचं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावात जीप आली. आत मडमची भाची होती. मिशनच्या जुन्या फोटोंचं पुस्तक निघणार होतं, आणि त्यातलं कुणी जिवंत असेल तर त्याचा आजचा फोटो तिला हवा होता. तिचं इंग्रजी धर्मराज गुरुजी मराठीत सांगत होते.

गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, तिनं खिळा पदरानं पुसला, आणि मगच फोटो हातात घेतला.

फोटोत एक पोरगी होती. अंगावर गोणपाट, केसांत राख. आता आठवलं! नवा परकर मडमनंच काढायला लावला होता, गंमत म्हणून. मायसुद्धा हसली होती. पोरीच्या गालाला अजून गूळ चिकटलेला होता, मायनं भाकरीसंगं चारलेला. पण माय कुठं होती? पोरीमागं सगळं काळं रंगवलेलं. खांद्यावर तेवढा एक हात उरला होता, मनगटावर विंचू गोंदलेला. मनगटाच्या वर नुसता काळोख.

"गुरुजी, मागं काय लिव्हलंय?"

गुरुजींनी फोटो उलटला, मागचं वाचलं, आणि ते चष्मा पुसत बसले.

"वाचा की बराबर."

"'मेरी. दुष्काळात रस्त्यावर सापडलेली अनाथ मुलगी. हिला जगात कुणीही नाही.'"

पुष्पाबाई तोंडातली सुपारी चावायची थांबली. भाचीनं कॅमेरा सावरत हसून काही विचारलं.

"आजी, त्या विचारतायत, ही तुम्हीच ना?"

म्हातारीनं विंचवावरून एकदा बोट फिरवलं. मग फोटो परत दिला.

"न्हाई."

"आजी..."

"अनाथ हाये ना ती? मंग ती मी न्हाई. मला माय व्हती."

भाचीनं म्हातारीच्या भुवईवरच्या खोकेकडं बोट दाखवलं. फोटोतल्या पोरीलाही तीच खोक. तशी पुष्पाबाई पुढं झाली.

"हिची माय म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलीय! ही उंच, घारी, वाघासारखी बाई. तिची लेक गोणपाट नेसल व्हय? बाईला सांगा गुरुजी, गाव चुकलं तुमचं."

पुष्पाबाई या गावात नांदायला आली ती गोजरबाईची माय जाऊन वीस वर्षं झाल्यावर. पोरांची एक थाप खपवून न घेणाऱ्या गुरुजींनी हे शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं.

जीप गेली. तिच्यासंगं मायचा हातही गेला.

गोजरबाई घरात येऊन खिळा उपटू लागली. हातानं निघेना, बत्त्यानं ठोकला तर वाकडा झाला. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"माझ्या गळ्यात पडून रडल्ती गं मडम. मायला फोटोतून पुसलं ते रडायच्या आधी, का नंतर?"

पुष्पाबाई शेजारी टेकली. म्हातारी भिंतीकडं बघतच म्हणाली,

"उंच म्हणलीस ना तू? घारी?"

"हं."

"अजून सांग."

पुष्पाबाईनं सुपारी गालात सरकवली आणि नाकापासून सुरुवात केली.