तारलीचं पथ्य

मांजराला सलाईन लावायचं तर दोन माणसं लागतात. एक धरायला, एक टोचायला. मथुराच्या घरात दोन माणसं होती खरी, पण त्यातल्या बाबूला माणसात धरायचं की नाही, हा प्रश्न तिला एक दिवसाआड पडायचा.

बाबू तिचा धाकटा भाऊ. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. भर घाटात दारुड्यांना गाडीतून खाली उतरवलं, शिमग्याच्या गर्दीत दारात लोंबकळून तिकिटं फाडली. पण सुईचं टोक दिसलं की हा गडी डोळे मिटायचा, आणि डोळे मिटले की त्याचे हात आपोआप सुटायचे. हात सुटले की तारली पंचातून निसटून थेट माळ्यावर. मग मथुराने गुडघे धरत शिडी चढायची, जाळ्या-जळमटांतून तिला खाली काढायची, पुन्हा पंचात गुंडाळायची, खिडकीच्या गजाला टांगलेली बाटली पुन्हा कोमट करून आणायची. शेवटी मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत सरकवायची ती तिनेच. थोड्या वेळाने मांजरीच्या पाठीवर पाण्याचं मोठं टेंगूळ यायचं, आणि ते मिरवत तारली कोणाच्या मांडीवर जाऊन बसायची? बाबूच्या. मथुराच्या वाट्याला हातावरचे ओरखडे.

"तू तिका जोरान धरतंस, म्हणान ती तुका भियाता," असं वर बाबू तिलाच शहाणपण सांगायचा.

तारली ही बाबूचीच. देवगडच्या बंदरावरून मासळीच्या पाटीत बसून एक दिवस घरात आली. करडी, रोडकी, अंगावर तारली मासळीसारखी रुपेरी झाक, म्हणून नाव तारली. मथुरा तेव्हा नुकतीच कुडाळचं घर आवरून, नवरा गेल्यावर माहेरी राहायला आली होती. एका घरात दोन आश्रित एकदम नकोत, असं ती तेव्हा म्हणाली होती. पण तारलीने काही ते मनावर घेतलं नाही.

त्यांच्या आईच्या काळात मांजरांना नावं नसायची. घरात मांजर असायचं, जसं घरात विळी असते, पाटा-वरवंटा असतो. उंदीर धरायचं, उरलंसुरलं खायचं, चुलीच्या उबदार वैलाशी झोपायचं. आजारी पडलं तर गवताच्या उडवीमागे जाऊन बसायचं. चार दिवसांनी एक तर बाहेर यायचं, नाहीतर यायचं नाही. कोणी शोधायला जायचं नाही. आणि आता ह्या मांजरीसाठी कणकवलीला डॉक्टर, रक्ताची तपासणी, पोटाची सोनोग्राफी. मथुराची सोनोग्राफी अजून कोणी केली नव्हती.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलणं सरळ. तिने दोघांना समोर बसवून सांगितलं, "आजी, किडनी गेल्यात त्या परत येणार नाहीत. हा आजार बरा होणारा नाही. पण सलाईन देत राहिलात आणि ती खात राहिली, तर अजून बरेच महिने सुखाने काढेल. सगळं खाण्यावर आहे. खाणं सुटलं, तर मग तिला ओढत ठेवू नका."

बाबूने ह्यातलं फक्त 'बरेच महिने' एवढंच ऐकलं.

पथ्य कडक होतं. मीठ नाही, सुकी मासळी नाही, ताजी मासळीही नाही. त्याऐवजी पाकिटातलं औषधी खाणं, भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसणारं. ते कोमट करून वाटीत घालायचं. सुरुवातीला तारलीने वाटीकडे बघून पाय झटकले. मग हळूहळू एक रीत बसली. बाबू जेवायला बसला की ती त्याच्या पाटाशेजारी यायची, नाक त्याच्या ताटातल्या बांगड्याकडे ठेवायची आणि तोंड आपल्या वाटीत घालायची. नाक एकीकडे नि तोंड दुसरीकडे, पण वाटी चाटूनपुसून लख्ख. मथुरा म्हणायची, लग्नातल्या पंगतीत असे पुष्कळ जेवतात.

आळीत आजार गुप्त राहत नाही. कोणी म्हणालं बकरीचं दूध द्या, कोणी म्हणालं कुळथाचं कढण पाजा, एकीने दारात येऊन मांजरीची दृष्ट काढायचा सल्ला दिला. मथुराने सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. परसातल्या दगडी गडग्यापलीकडची जुलेखा तेवढी काही सांगायला आली नाही. ती शाळेत मथुराच्या शेजारी बसायची, तेव्हापासून तिला ठाऊक होतं की मथुराला सल्ला दिला तर ती बरोबर उलटं करते.

एवढं सगळं रुळावर आलेलं असताना बाबूने देवाला मध्ये घेतलं.

एका सोमवारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडला आणि ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आला. नारळ ठेवला. गुरवाने नेहमीप्रमाणे, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात तारली म्हणान कोण आजारी आसा, तिच्या वाटेत काय वायट-वंगाळ असात ता दूर कर," असं साग्रसंगीत म्हटलं आणि भोवतीच्या चार जणांनी "होय म्हाराजा" केलं. तारली कोण, हे गुरवाने विचारलं नाही आणि बाबूने सांगितलं नाही. संध्याकाळी मिठबावहून मावसबहिणीचा फोन आला, तुमच्याकडे कोण तारली अत्यवस्थ आहे, बाबूने ह्या वयात लग्न केलं की काय.

ते हसण्यावारी नेता आलं. पुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी मथुरा बंदरावरून बांगडे घेऊन आली. पावसाळ्यानंतरचे बांगडे, डोळे काळेभोर, अंग असं ताठ की शेपटी धरून उभा केला तर वाकायचा नाही. ती परसात कापायला बसणार तोच बाबू दारात येऊन उभा राहिला आणि चपलेचा अंगठा जमिनीवर घासत म्हणाला, की तारली बरी होईपर्यंत घरात मासळी येणार नाही, असं त्याने देवाला सांगितलं आहे.

मथुराने विळी बाजूला ठेवली.

"बरी होईसर?"

"होय."

"डॉक्टरणीन काय सांगल्यान ता तुया आयकलंस मा? ता मांजर बरा होवचा नाय रे बाबू. म्हणजे आता आम्ही मरेसर दुधीभोपळोच खावचो?"

"ती नाय म्हणता म्हणान तर देवाक सांगलंय," बाबू म्हणाला.

मथुराने बांगडे पाटीसकट गडग्यावरून जुलेखाकडे दिले. आयुष्यात तिने एकादशी पाळली, सोमवार पाळले, श्रावण पाळला. पण ते सगळे उपास संपणारे होते. आपल्याला न विचारता दुसऱ्याने आपल्या नावावर घातलेला, शेवट नसलेला उपास ती पहिल्यांदाच बघत होती. नवस बोलताना निदान घरातल्या दुसऱ्या जिभेला विचारायची पद्धत असते, असं ती दिवसभर भांड्यांना सांगत राहिली.

घरात लाल माठ आला, वालीची भाजी आली, पडवळ आलं. दुपारी बाबू पाटावर बसला. तारली रीतीप्रमाणे शेजारी आली. तिने नाक त्याच्या ताटाकडे नेलं, पडवळाचा वास घेतला आणि मान वर करून बाबूच्या तोंडाकडे बघत राहिली, तिकीट काढूनही जागा न मिळालेल्या उतारूसारखी. वाटीतलं अर्धं तसंच राहिलं.

पुढच्या जेवणाला अजून कमी. मग नुसतं हुंगणं. मग तेही नाही.

बाबूला वाटलं, देवाला एवढं पुरेसं झालं नाही. त्याने कांदा-लसूण सोडली. तरी तारली खाईना, तेव्हा अंडी सोडली. घरातल्या फोडणीला आता वास म्हणून राहिला नाही. घरात दोन माणसं नि एक मांजर, तिघंही पथ्यावर, आणि तिघांची तोंडं वाकडी. मथुराने खाणं गरम करून बघितलं, गार करून बघितलं, बोटाने तिच्या ओठाला लावलं, सिरिंजने गालात सोडलं. सोडलेलं सगळं मथुराच्या पदरावर परत आलं.

शेवटी तिने कणकवलीला फोन लावला. डॉक्टरीण म्हणाली, शनिवारी घेऊन या, बघून ठरवू. काय ठरवायचं ते तिने सांगितलं नाही. बाबू शेजारीच उभा होता. त्याने कपाटातून आपला जुना खाकी शर्ट काढला, वेताच्या टोपलीत अंथरला, आणि पडवीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला.

तो सलाईनचा दिवस होता. मथुराने बाबूला हाक मारली नाही. एकटीने पंचा आणला, एकटीने बाटली टांगली. तारलीला उचललं तेव्हा हाताला नुसता कणा लागला. सुई बघून ती पळाली नाही, फिसकारली नाही. टोचलं तरी हलली नाही. इतके महिने मथुरा ज्या पळापळीला शिव्या घालत होती, ती नव्हती, आणि तिला त्याचाच असा संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं.

"नखा काढ गे," ती तारलीला म्हणाली. "एकदा तरी ओरबाड माका."

तारली पंचात पडून राहिली.

बाटली संपत आली तेव्हा गडग्यापलीकडून वास आला. जुलेखाच्या तव्यावर काहीतरी पडलं होतं. एजाजची, तिच्या मुलाची, होडी सकाळीच लागली होती. वाऱ्याची झुळूक खिडकीतून आत आली तशी तारलीची नाकपुडी हलली. मग कान हलले. मग मान, थोडीशी, वासाच्या दिशेला.

मथुरा सुई हातात धरून तशीच बसली.

श्रावणात आमची मांजरं कुठे असायची? तिला एकदम आठवलं. आईने श्रावणाच्या पहिल्या दिवशी माशाचं तवा-भांडं घासून माळ्यावर टाकलं, की मांजर गडगा उडी मारून जुलेखाच्या आईकडे राहायला जायचं. गणपती जाऊन घरात पुन्हा कालवण शिजलं की परत यायचं, अंगाने दुप्पट होऊन. बाबा म्हणायचे, आपल्या मांजरांचा धर्म अकरा महिन्यांचाच. आई इकडे त्यांना दूधभात वाढायची, ताजा, कोमट. वाटीला तोंड लावायची नाहीत. भूक त्यांच्या पोटात नसायचीच. भूक माणसाच्या ताटातून उठायची.

आणि बाबूने ताटच स्वच्छ करून टाकलं होतं.

तिने सुई काढली, जागा चोळली, तारलीला पदरात घेतलं आणि एका हातात पाकिटातल्या खाण्याची वाटी घेऊन मागच्या दाराने निघाली. गडग्याला फट होती, लहानपणापासूनची. आता त्यातून जाताना अंग वळवावं लागत होतं.

जुलेखा रव्यात घोळवलेले बांगडे तळत होती. पदरातलं मांजर बघून तिने पाट सरकवला. मथुराने वाटी खाली ठेवली, तारलीला वाटीपुढे ठेवलं. तारलीने वास घेतला, तव्याचा. वाटीचा नाही. मग वर मथुराच्या तोंडाकडे बघितलं. नुसता वास तिला पुरत नव्हता. पंगत हवी होती.

"वाढ माका," मथुरा म्हणाली.

जुलेखाने उलथणं थांबवलं. "आणि बाबूचो नवस?"

"तू वाढ गो."

भाकरी आली, बांगडा आला. मथुराने तो मोडला. कुरकुरीत कातडीखालून वाफ निघाली. तारली सरकत तिच्या गुडघ्याशी आली. मथुराने एक हात ताटाला आडवा लावला आणि दुसऱ्याने खायला लागली, मुद्दाम मचमच करत, आईने असं खाल्लं तर पाठीत धपाटा घातला असता तसं. तारलीने नाक तिच्या ताटाकडे धरलं. मग तोंड खाली नेलं. जिभेचा आवाज आला. एकदा, मग परत.

बोललं तर थांबेल, अशी भीती दोघी बायकांना वाटत होती.

घर रिकामं बघून बाबू शोधत आला आणि मागच्या दारात थबकला. त्याला आधी दिसलं ते ताट.

"आक्का, तू खातंस?"

"दिसणा नाय तुका?"

"नवस मोडलो गो. आता काय उरला?"

"हयसर बघ काय उरला ता," मथुराने वाटीकडे बोट केलं. "अर्धीच उरली हा. बाकीची पोटात गेली."

बाबूने बघितलं. तारलीनेही मान वर केली, त्याला ओळखलं, आणि वाटी तशीच सोडून लटपटत त्याच्या पायाशी जाऊन बसली. तिची पंगत शेवटी त्याच्याबरोबरची होती. मथुराने कपाळाला हात लावला.

जुलेखाने न विचारता दुसरं ताट घेतलं, भाकरी ठेवली, बांगडा ठेवला आणि ते बाबूच्या पुढ्यात सरकवलं. बाबू बसला, पण हात मांडीवरच. त्याची भीती खोटी नव्हती, हे मथुराला समजत होतं. देवापुढे एवढे दिवस तो एकटाच उभा होता. तिने नुसती भांडी आदळली होती.

"आणि देवान इचारल्यान तर?" तो हळू आवाजात म्हणाला.

"माझा नाव सांग. आक्कान बळान खावक लावल्यान म्हणान सांग." तिने वाटी उचलून त्याच्या ताटाला लावून ठेवली. "ह्या घरात वायट होवचा काम माझा आसा. देवाकडे आणखी एकदा वायट होयन."

बाबूने बांगड्याचा बारीकसा तुकडा मोडला. तोंडात घातला. तो गिळायला त्याला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ तारली त्याच्याकडे बघत होती. मग तिने तोंड वाटीत घातलं.

जुलेखाने उरलेले बांगडे तव्यावर परतले आणि विचारलं, रोज दोन्ही वेळा ही वरात इकडे येणार, की तवाच तुमच्याकडे पाठवू. मथुरा म्हणाली, ते ह्या शहाण्याला विचार. आणि बाबूला म्हणाली, शनिवारी येत नाही म्हणून त्या डॉक्टरणीला फोन कर.

बाबूचं तोंड भरलेलं होतं. त्याने नुसती मान हलवली.